विचारून आलो

"आई, एक आधीच सांगून ठेवते," केतकी म्हणाली, "तिथं आंघोळीला कपडे काढावे लागतात. म्हणजे सगळेच."

गाडी बोगद्यातून नुकतीच बाहेर आली होती आणि दोन्ही बाजूंना बर्फ सुरू झालं होतं. आमच्या सूनबाईंनी ही माहिती द्यायला नेमका तोच मुहूर्त धरला. मी लगेच खिडकीबाहेर बघायला लागलो. अशा वेळी सासऱ्यानं निसर्गप्रेमी असावं.

"बाया वेगळ्या ना?" शेवंतीनं विचारलं.

"हो हो, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे."

"मग काय झालं? बायाबायांत कसली लाज? आमच्या कुंडावर आम्ही आठ-दहा जणी असायचो. अंगावर चिंधी नसायची. वरच्या रस्त्यानं एष्टी जायची, ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न मारायचा. आम्ही त्याला शेण मारायचो."

"लागायचं?" केतकीनं विचारलं.

"मला विचारतेस? मी काचेवर मारायची."

"आई, हळू बोल," निशिकांत म्हणाला. डब्यात आम्ही चौघं सोडून कुणाला मराठी येत नव्हतं. पण आमचे चिरंजीव कुठल्याही भाषेत लाजू शकतात.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. निशिकांत नागोयाला एका कारखान्यात इंजिनिअर होता. मी तालुक्याच्या कोर्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि डिसेंबरात त्यानं आम्हा दोघांना तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं होतं. शेवंतीनं तिथं जाऊन काही म्हणजे काही मागितलं नाही. उंच इमारती बघितल्या, "बऱ्या आहेत" म्हणाली. देवळं बघितली, "देव दिसत नाही" म्हणाली. पण डोंगरातल्या एका गावात जमिनीतून गरम पाणी येतं आणि वर्षअखेरीला आपण तिथं दोन दिवस राहणार आहोत, हे ऐकल्यापासून तिच्यात बदल झाला. तिचं माहेर संगमेश्वराकडचं. घराच्या खालच्या अंगाला गरम पाण्याचं कुंड. लग्न होईपर्यंत ती त्या पाण्यातच वाढली म्हणायची. लग्नानंतर आमच्याकडे आली ती बंबाच्या पाण्यावर. बेचाळीस वर्षांत चार-पाच वेळाच तिला त्या कुंडात उतरायला मिळालं असेल. दर वेळी मलाच घाई असायची.

पिशवीत तिनं शिकेकाई घेतली होती, खोबरेल घेतलं होतं, टाचा घासायची वज्री घेतली होती. निशिकांतनं पिशवी उघडून बघितली आणि कस्टमच्या अधिकाऱ्यासारखा चेहरा केला.

"आई, यातलं काहीही पाण्यात न्यायचं नाही. बाहेर बसून साबण लावायचा, धुवायचं, मग नुसतं आत जाऊन बसायचं. बोलायचं पण हळू."

"बसते की नुसती. मला बसायचंच आहे," शेवंती म्हणाली. "गुडघे म्हणतील तेवढा वेळ."

स्टेशनवर उतरलो तेव्हा गटारांतून वाफा येत होत्या आणि हवेला गंधकाचा वास होता. केतकीनं नाकाला रुमाल लावला. शेवंतीनं छाती भरून श्वास घेतला.

"माहेरचा वास आला," ती म्हणाली.

त्याच फलाटावर निशिकांतनं आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. आता परत फिरायची सोय राहिली नव्हती. त्याचे साहेब, मोरिशिता, आम्ही उतरणार होतो त्याच सरायीत दर वर्षी येतात. जागाही त्यांनीच सुचवली. ते आणि त्यांची बायको सकाळीच येऊन राहिलेत. एप्रिलमध्ये बढत्या होत्या. "तेव्हा जरा," एवढंच तो म्हणाला. जरा काय, ते त्यानं आमच्या समजुतीवर सोडलं.

सरायीच्या दारातच मोरिशिता साहेब भेटले. साठीचे, बारीक, चट्ट्यापट्ट्यांचा सुती झगा घातलेले. ते वाकले. मी वाकलो. ते आणखी वाकले. मीही मागं राहिलो नाही. तिसऱ्या वेळी माझ्या कमरेनं हरकत घेतली. मग ते इंग्रजीत म्हणाले, "जज्ज मांडवकर."

मी वळून मागं बघितलं. एकतीस वर्षांची सवय, जज्ज म्हटलं की आपण उठून उभं राहायचं आणि बाजूला व्हायचं. मागं कुणी नव्हतं. छत्र्यांची बादली होती.

"बाबा," निशिकांत ओठ न हलवता मराठीत म्हणाला, "बेंच क्लार्कला जपानीत नीट शब्द सापडेना."

"त्यांच्या कोर्टात कारकून नसतात?"

"बाबा, प्लीज."

मी बेंच क्लार्क होतो. जज्जांच्या पायरीखाली माझं टेबल. साक्षीदार पिंजऱ्यात आला की मी उभं राहून त्याला शपथ द्यायची. ईश्वरसाक्ष खरे सांगेन, खोटे सांगणार नाही. दिवसाला दहा-बारा वेळा, एकतीस वर्षं. हिशेब केला तर एवढ्या वेळा खरं बोलण्याची प्रतिज्ञा तालुक्यात दुसऱ्या कुणी तोंडातून काढली नसेल.

"काय म्हणतो तो?" शेवंतीनं विचारलं.

"नमस्कार म्हणतोय," मी म्हणालो.

खोलीत चटया, बुटकं टेबल, त्यावर घातलेली रजई आणि टेबलाच्या पोटात शेगडी. सरायीची मालकीण स्वतः चहा घेऊन आली. सत्तरीची बाई, पण गुडघ्यांवर अशी बसली की शेवंती कौतुकानं बघतच राहिली. चहाचा पेला घ्यायला शेवंतीनं स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

मालकिणीची नजर तिच्या हातांवर थांबली. शेवंतीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. उजव्या हातावर तुळशीवृंदावन आणि रांगोळीचे ठिपके, डाव्या हातावर वेल, आणि कोपराच्या जरा खाली एक विंचू. मालकीण निशिकांतशी काहीतरी बोलली. तो काहीतरी बोलला. ती पुन्हा बोलली, हातानं खाली कुठंतरी दाखवत. त्यानं मान हलवली. मग तो तिच्याबरोबर दाराबाहेर गेला आणि दोन-तीन मिनिटांनी एकटाच आत आला.

"आई, एक प्रॉब्लेम आहे. इथल्या कुंडात अंगावर गोंदण असलेल्या माणसाला घेत नाहीत. नियम आहे."

"का?"

"इथं गुंड लोक गोंदवून घेतात. त्यांच्या टोळ्या असतात. बाकीचे लोक घाबरतात."

शेवंतीनं स्वतःचे हात एकदा उलटसुलट करून बघितले.

"विंचू बघून म्हणत असतील," ती म्हणाली. "तुळस दाखव ना त्यांना."

"आई, असं नसतं."

"घासून जाण्यातलं असतं तर घासलं असतं." तिनं बाह्या खाली ओढल्या. "बरं. तुम्ही जा. पाणी गार होईल."

जमिनीतून येणारं पाणी गार होत नाही, हे तिला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

ते गोंदण काही तिच्या माहेरचं नव्हे. आमच्याकडचं आहे. लग्न झालं त्या वर्षी शिमग्याला गोंदणारीण गावात आली आणि माझ्या आईनं सांगितलं, न गोंदलेल्या सुनेच्या हातचं पाणी मी पिणार नाही. शेवंती अठरा वर्षांची होती. दोन दिवस सुया चालल्या, पुढं तीन दिवस ताप. मी माजघरापलीकडच्या खोलीत कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. भिंत कुडाची होती, सगळं ऐकू येत होतं. बाहेर येऊन नको म्हणता आलं असतं. पण परीक्षा होती. पुढं मी त्या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झालो.

संध्याकाळी केतकी बायकांच्या बाजूला गेली आणि मी, निशिकांत आणि मोरिशिता साहेब पुरुषांच्या कुंडात उतरलो. उघड्यावरचं कुंड, कडेच्या दगडांवर बर्फ, गळ्यापर्यंत गरम पाणी. डोक्यावर चौघडी केलेला पंचा. त्या अवस्थेत माणसाचा हुद्दा ओळखता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा मोरिशिता साहेब तो विसरायला तयार नव्हते.

"बाबा, साहेब विचारतायत, तुम्ही किती वर्षं न्यायदान केलंत?"

"एकतीस," मी म्हणालो. मी तिथं हजर तर होतो.

"विचारतायत, फाशीची शिक्षा कधी दिलीत का?"

आमच्या कोर्टाला तीन वर्षांच्या वर कैद देण्याचे अधिकार नव्हते. बहुतेक प्रकरणं बांध, म्हशी आणि शिवीगाळ यांची. मी पाण्यातून दोन बोटं वर काढली. यापेक्षा जास्त सांगणं बरं दिसलं नसतं.

मोरिशिता साहेब आदरानं हनुवटीपर्यंत पाण्यात बुडाले. निशिकांतनं माझ्याकडे बघितलं आणि बघितल्याबरोबर दुसरीकडे बघितलं.

मला ते आवडलं, हे नाकारत नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्याच्या निकालपत्रांना टाचण्या लावल्या. आणि इथं एक जपानी साहेब उघड्या अंगानं मला दबून होता.

वर आलो तर शेवंती रजईत पाय घालून खिडकीशी बसली होती. खाली बायकांच्या कुंडावर बांबूचं कुंपण होतं आणि त्याच्यावरून वाफ वर येत होती. ती वाफेकडे बघत होती. केतकी लालबुंद होऊन आली आणि म्हणाली, "आई, उद्या मी तुम्हाला बाजारात नेते. तिथं रस्त्याच्या कडेला पाय सोडून बसायचं कुंड आहे. त्याला काही नियम नाही."

"पाय मी घरी पण धुते," शेवंती म्हणाली. मग सुनेला वाईट वाटलं असेल असं वाटून तिनं तिच्या केसांचं पाणी टिपून दिलं.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा खिडकी नुकतीच पांढरी झाली होती. शेवंती केस विंचरून तयार होती. मांडीवर टॉवेल, त्यावर घडी केलेलं पातळ, त्यावर वज्री.

"अहो, एक काम कराल?"

"काय?"

"खाली जाऊन त्या बाईंना एकदा तुम्ही विचारून बघा. निशीला सांगू नका, तो ओशाळतो. म्हणावं, हातांना फडकी बांधते. कोपराच्या वरपर्यंत. एवढ्या सकाळी कोण येतंय? दहा मिनिटं बसेन आणि वर येईन."

"मला त्यांची भाषा येत नाही."

"खुणेनं विचारा. तुम्ही कोर्टात होता ना."

मी खाली गेलो. मालकीण गल्ल्यापाशी फुलं रचत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं फोन काढला, त्यात काही बोलली आणि तो माझ्यापुढं धरला. फोनमधली एक बाई शुद्ध सरकारी हिंदीत म्हणाली, "माताजी के लिए छोटा स्नानगृह कल से खाली रखा है. वहाँ कोई और नहीं आता. आपके सुपुत्र ने मना कर दिया. क्या माताजी रुष्ट हैं?"

मी फोनकडे बघत राहिलो. मालकिणीला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिनं फोनला परत तेच बोलायला लावलं. मग स्वतःच्या बाहीवर बोट फिरवून आणखी एक वाक्य. फोन म्हणाला, "उनके हाथों के चित्र बहुत सुंदर हैं."

मग तिनं खणातून एक किल्ली काढली. किल्लीला हाताएवढी लाकडी पट्टी बांधलेली होती. ती तिनं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली आणि बोळाच्या टोकाला असलेलं एक निळ्या पडद्याचं दार दाखवलं. मला फक्त हात पुढं करायचा होता.

"गुड मॉर्निंग, जज्ज."

बोळाच्या तोंडाशी, त्या पडद्याकडे जाणाऱ्या वाटेवरच, मोरिशिता साहेब आणि त्यांची बायको चहा घेत बसले होते. दोघं उठून वाकले.

मी वाकलो, आणि वाकल्या-वाकल्याच मला पुढचं सगळं दिसलं. पदर खोचलेली, वज्री हातात घेतलेली शेवंती जिन्यावरून उतरते आहे. कुंड मिळालं म्हणून खूश आहे. या बाईंना बघून थांबते आहे, बाही वर करून त्यांना विंचू दाखवते आहे, एष्टीला मारलेल्या शेणाची गोष्ट हातवारे करून सांगते आहे. आणि साहेब 'जज्ज, जज्ज' करत माझ्याकडे बोट दाखवतात तेव्हा ती खळखळून हसते आहे. जज्ज? हे? अहो, जज्ज आल्याचा पुकारा झाला की हे हातातलं पाणी पण खाली ठेवून उभे राहायचे.

किल्ली माझ्यापुढंच होती.

"नो, थँक यू," मी म्हणालो. "माय वाइफ इज नॉट वेल."

फोननं त्याचं जपानी केलं. मालकिणीनं हळहळून तोंडावर हात घेतला आणि किल्ली खणात ठेवली. मोरिशिता बाईही हळहळल्या. मी पुन्हा एकदा वाकून वर आलो.

शेवंती दाराकडेच बघत बसली होती.

"विचारलं," मी म्हणालो. "नाही म्हणाली."

"फडकी बांधते म्हणालात?"

"म्हणालो."

"बरं." तिनं पातळ पिशवीत घातलं, मग टॉवेल, मग वज्री. "विचारलंत तेवढं बरं केलंत."

अर्ध्या तासानं न्याहारी आली. आम्हा तिघांच्या पुढ्यात भाजलेला मासा, आमटी, लोणची, गरम पाण्याच्या झऱ्यात शिजवलेलं अंडं. शेवंतीपुढं झाकणाचं एक भांडं, त्यात भाताची पेज आणि वर एक खारवलेलं फळ.

"ही मला एकटीलाच का?"

"वयस्कर बायकांना देत असतील," मी म्हणालो.

तिनं माझ्या पुढ्यातल्या माशाकडे बघितलं. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.

"पेज बरी केलीय," ती म्हणाली आणि सगळी प्याली.

परतीच्या गाडीत बायका झोपल्यावर मी निशिकांतला म्हणालो, "बोळाच्या टोकाला एक छोटं न्हाणीघर होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी. किल्ली देत होत्या."

"मग तुम्ही का नाही घेतली?"

यावर आम्ही दोघांनीही बर्फ बघितलं. बाप-लेकांचं इतकं एकमत आमच्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

एप्रिलमध्ये मोरिशिता साहेबांची दुसऱ्या शहरात बदली झाली. बढती निशिकांतच्या हाताखालच्या माणसाला मिळाली.

आम्ही घरी आलो. पहिल्याच आठवड्यात शेवंतीनं शिंप्याकडून लांब बाह्यांची चार पोलकी शिवून आणली. मनगटापर्यंत बाही, तिथं हूक. आमच्याकडचा मे महिना म्हणजे माणूस उभ्या उभ्या उकडतो. शेजारच्या बायका विचारायच्या, ती म्हणायची, "ऊन लागतं हाताला." भांडी घासताना बाह्या भिजायच्या, तशाच अंगावर वाळायच्या. मी एकदा म्हणालो, "आखूड बाह्यांची चांगली होती की." ती म्हणाली, "तुम्हाला काय त्रास आहे?" त्रास मला काहीच नव्हता.

तीन वर्षांनी तिच्या भाच्याच्या साखरपुड्याला आम्ही तिच्या माहेरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच म्हणालो, चल, कुंडावर जाऊ. मला कसलीही घाई नाही. तिनं बघितलं माझ्याकडे, पण पातळ आणि टॉवेल घेतला. वज्री घेतली की नाही, मला दिसलं नाही.

कुंडावर कुणीच नव्हतं. वाफ होती, वास होता. वर रस्ता, बाजूला देऊळ. मी देवळाच्या कट्ट्यावर पाठ करून बसलो. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही म्हणून वळून बघितलं, तर ती पायरीवर तशीच उभी होती, बाह्यांची हुकं लावलेली.

"काय झालं?"

"आधी विचारा," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"गोंदलेलं चालतं का ते. आता नियम केले असतील. उगाच कुणी उठवायला नको."

"शेवंते, तुझं गाव आहे हे."

"विचारून या."

मी उठलो. सांगायचं होतं ते तिथंच सांगता आलं असतं. तीन वर्षं मी ते वाक्य मनात तयार ठेवलं होतं, दुरुस्त्या करकरून. मी देवळाला वळसा घातला. मागच्या बाजूला एक बकरी होती. तिथं थोडा वेळ उभा राहिलो, विचारायला लागेल तेवढा, आणि पुढच्या बाजूनं परत आलो.

"विचारून आलो," मी म्हणालो. "चालतं म्हणाले."

शेवंतीनं देवळाच्या दाराकडे बघितलं. दाराला कुलूप होतं.

"जपानात पण असंच विचारलं होतंत ना," ती म्हणाली. आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "पेज आली तेव्हाच कळलं मला. धडधाकट माणसाला कोण नुसती पेज देतं?"

ती पायरीवरून वर आली, टॉवेलची घडी घालून पिशवीत ठेवली आणि चपला घातल्या. वरच्या रस्त्यानं एष्टी गेली. वळणावर ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न वाजवला. शेवंतीनं वर बघितलंसुद्धा नाही.